सुरक्षा साखळी (ट्रेलर)

सुरक्षा साखळी (बोलीत सेफ्टी चेन) म्हणजे ओढणारे वाहन आणि त्यामागील ट्रेलर यांच्यामध्ये मुख्य जोडणीखेरीज लावले जाणारे दुय्यम बंधन होय. मुख्य जोडणीतील हुक, पिन, कडी किंवा दांडी तुटली अथवा निसटली, तर ट्रेलर मोकळा सुटू नये, त्याची दांडी रस्त्यात रुतू नये आणि चालकाला संपूर्ण वाहनजोड सावकाश थांबवता यावी, हा तिचा उद्देश असतो. नेहमीच्या प्रवासात या साखळीवर ओढीचा भार येत नाही. तिचे कार्य मुख्य जोडणी निकामी झाल्यावरच सुरू होते.

दांडीने ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरसाठी, उदाहरणार्थ ट्रॅक्टरमागील ट्रॉलीसाठी, ही साखळी महत्त्वाची मानली जाते. 'पाचवे चाक' या जोडणीवर टेकणाऱ्या अर्ध-ट्रेलरच्या बाबतीत मात्र तिची आवश्यकता हा मतभेदाचा विषय आहे. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरात हे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी दिसतात. साखर हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि वर्षभर औद्योगिक वसाहतींतून ये-जा करणारे मोठे ट्रेलर एकाच रस्त्यांवरून धावतात.

## संज्ञा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ मध्ये ट्रेलर आणि अर्ध-ट्रेलर (सेमी-ट्रेलर) यांच्या स्वतंत्र व्याख्या दिल्या आहेत. मोटार वाहनाने ओढले जाणारे, अर्ध-ट्रेलर व साइड-कार वगळता कोणतेही वाहन म्हणजे ट्रेलर. अर्ध-ट्रेलरचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि त्याच्या वजनाचा काही अंश ते वाहन पेलते. अर्ध-ट्रेलर जोडलेल्या मोटार वाहनास कायद्यात 'आर्टिक्युलेटेड' म्हणजे सांधलेले वाहन म्हटले आहे.

हा भेद साखळीच्या दृष्टीने मूलभूत आहे. चारचाकी ट्रेलरची जोडणी प्रामुख्याने आडवी ओढ सहन करते. अर्ध-ट्रेलरच्या जोडणीवर ओढीबरोबरच मोठे उभे वजनही असते आणि हे वजन जोडणी जागेवर ठेवण्यास काही प्रमाणात मदत करते.

सुरक्षा साखळी आणि माल बांधण्याची साखळी या दोन भिन्न गोष्टी आहेत. लोखंडी सळ्या, कॉइल किंवा यंत्रे ट्रेलरवर घट्ट बसवण्यासाठी वापरली जाणारी साखळी सतत ताणाखाली असते. सुरक्षा साखळी मुद्दाम किंचित सैल ठेवलेली असते.

## 'पाचवे चाक' या नावाचा उगम

घोड्यांच्या चारचाकी गाड्यांमध्ये पुढचा आस वळता यावा म्हणून त्यावर एक आडवे, चाकासारखे वर्तुळाकार कडे बसवलेले असे. जमिनीवर धावणाऱ्या चार चाकांखेरीजचे हे चाक म्हणून त्याला पाचवे चाक म्हटले गेले. मोटार ट्रकांच्या काळात हीच कल्पना अर्ध-ट्रेलरसाठी वापरली गेली. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ यांनी १९१४ मध्ये एका ग्राहकाची बोट वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे जोडता येईल असा अर्ध-ट्रेलर बनवला. अर्ध-ट्रेलरच्या व्यापारी वापराच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख नेहमी केला जातो.

मराठवाड्यात दिसणाऱ्या चारचाकी ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या पुढच्या आसावर बसवलेले टर्नटेबल हे मूळ घोडागाडीच्या पाचव्या चाकाचेच वंशज आहे. ट्रकमागील पाचवे चाक त्याच कल्पनेचे दुसरे रूप होय. मात्र ट्रॉलीचे टर्नटेबल ट्रॉलीच्या सांगाड्याला कायमचे जोडलेले असते, तर ट्रकचे पाचवे चाक हवे तेव्हा सोडता येते. जी जोडणी सोडता येते, ती नकळत सुटण्याचीही शक्यता असते. त्यामुळे ट्रॉलीच्या बाबतीत चिंतेचा बिंदू टर्नटेबल नसून पुढच्या दांडीची कडी आणि ट्रॅक्टरची पिन हा असतो.

## रचना व जोडण्याची पद्धत

सुरक्षा साखळीचे तीन घटक असतात: साखळी, तिच्या टोकाचा हुक किंवा डी-शॅकल आणि दोन्ही वाहनांवरील आधारबिंदू. या तिन्हींपैकी सर्वांत कमकुवत घटकाचे सामर्थ्य हेच संपूर्ण बंधनाचे सामर्थ्य ठरते.

* आधारबिंदू: साखळी मुख्य हुकाला किंवा पिनेला अडकवल्यास तो भाग तुटताच साखळीही निकामी होते. म्हणून तिचे टोक ओढणाऱ्या वाहनाच्या सांगाड्यावरील स्वतंत्र कानात अडकवतात.
* दोन साखळ्या: दांडीच्या डाव्या व उजव्या बाजूस एकेक साखळी लावून त्या दांडीखाली एकमेकींवरून फुलीसारख्या ओलांडल्या जातात. जोडणी सुटली, तर खाली पडणारी दांडी या फुलीवर झोळीसारखी झेलली जाते.
* लांबी: वळण घेताना साखळी ताणली जाऊ नये इतकीच ढील ठेवतात. जास्त ढील असल्यास साखळी रस्त्यावर घासून झिजते आणि प्रसंगी मोठा झटका बसतो.
* हुकाची जीभ: उघड्या हुकातून खडबडीत रस्त्यावर साखळी उडून बाहेर येऊ शकते. म्हणून हुकाला स्प्रिंगची जीभ असते किंवा बोल्टाने बंद होणारे शॅकल वापरतात.

उष्णता-प्रक्रिया केलेल्या उच्च प्रतीच्या साखळीची कडी सांगाड्याला थेट वेल्ड करणे अयोग्य मानले जाते. वेल्डिंगच्या उष्णतेने कडीच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात आणि ती त्याच जागी तुटण्याची शक्यता वाढते.

## ढील आणि झटका यांचे गणित

साखळी केवळ जाड असून भागत नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. एकूण १० टन वजनाची ट्रॉली ५ टक्के चढावर आहे आणि तिची पिन तुटली, असे मानू. चढ आणि चाकांचा घर्षणरोध मिळून ट्रॉलीचा वेग दर सेकंदाला सुमारे ०.७ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होऊ लागतो. ट्रॅक्टर मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो.

साखळीला ०.३ मीटर ढील असेल, तर ती ताणली जाईपर्यंत दोघांच्या वेगातील फरकामुळे सुमारे २,१०० ज्यूल ऊर्जा साठते. ही ऊर्जा साखळी व आधारबिंदू यांच्या अवघ्या २ सेंटिमीटर ताणात शोषली गेली, तर सरासरी बल सुमारे १०५ किलोन्यूटन म्हणजे साधारण साडेदहा टन भाराइतके होते. ढील १ मीटर असेल, तर हेच बल सव्वातीन पटींहून अधिक होऊन सुमारे ३५ टनांवर जाते. ऊर्जा ढिलीच्या सम प्रमाणात वाढते, म्हणून अनावश्यक ढील कमी करणे हा साखळी न बदलता सुरक्षितता वाढवण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे.

## साखळीची प्रत व सामर्थ्य

पोलादी साखळीची प्रत (ग्रेड) एका आकड्याने दर्शवली जाते. तुटण्याच्या वेळी साखळीत निर्माण होणारा सरासरी ताण न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये मोजून त्याला १० ने भागले की हा आकडा मिळतो. म्हणजे ३० प्रतीची साखळी सुमारे ३०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणाला आणि ८० प्रतीची साखळी ८०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणाला तुटते. प्रत्येक कडीच्या दोन भुजा भार वाहतात.

या हिशेबाने १० मिलिमीटर जाडीच्या ८० प्रतीच्या साखळीचे भंजनबल सुमारे १२६ किलोन्यूटन (१२.८ टन) येते, तर त्याच जाडीच्या ३० प्रतीच्या साखळीचे केवळ ४७ किलोन्यूटन (४.८ टन). डोळ्यांना दोन्ही साखळ्या सारख्याच दिसतात. त्यामुळे बाजारातून केवळ जाडी पाहून घेतलेली साखळी पुरेशी असेलच असे नाही. कड्यांवर ठरावीक अंतराने उमटवलेले प्रतीचे चिन्ह पाहणे आवश्यक ठरते.

भंजनबल आणि अनुज्ञेय कार्यभार यांतही फरक आहे. माल उचलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ८० प्रतीच्या साखळीत चारपट सुरक्षा गुणांक धरतात. त्यामुळे १० मिलिमीटर साखळीचा अनुज्ञेय भार ३.१५ टन आणि १३ मिलिमीटर साखळीचा ५.३ टन मानला जातो.

## पाचव्या चाकाची जोडणी आणि साखळीचा प्रश्न

अर्ध-ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली किंगपिन नावाची जाड पोलादी खुंटी असते. ट्रकच्या मागील आसांवर बसवलेल्या तबकडीतील खाचेतून ही पिन आत सरकते आणि तबकडीखालील जबडे तिला वेढून बंद होतात. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार किंगपिन प्रामुख्याने दोन आकारांची असते: आयएसओ ३३७ नुसार '५०' आकाराची (२ इंच) आणि अधिक अवजड कामासाठी आयएसओ ४०८६ नुसार '९०' आकाराची (३.५ इंच).

मोठ्या ट्रक-ट्रेलरमध्ये या जोडणीला सहसा सुरक्षा साखळी नसते. त्यामागे तीन कारणे आहेत. जबडे पिनेला चहूबाजूंनी धरतात आणि त्यांना कुलूप असते. ट्रेलरच्या पुढच्या भागाचे वजन तबकडीवर दाब देत राहते. तिसरे म्हणजे ट्रेलरला हवेचे ब्रेक असतात. ट्रेलर सुटून हवेची पुरवठा नळी तुटली की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ट्रेलरला ट्रकशी बांधून ठेवण्याऐवजी त्याला जागीच थांबवणे, असे या व्यवस्थेचे तत्त्व आहे.

उत्तर अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात पाचवे चाक बसवून प्रवासी निवासी ट्रेलर ओढण्याची पद्धत आहे. तेथे साखळीबाबत दोन मते आढळतात. अनेक राज्यांच्या नियमांत पाचव्या चाकाच्या ट्रेलरला साखळीतून सूट आहे. सूट देण्याच्या बाजूने असा युक्तिवाद केला जातो की, जोडणी सुटल्यास ट्रेलरचा पुढचा भाग हौद्याच्या कडांवर आदळतो आणि साखळीने बांधलेला अवजड ट्रेलर ट्रकलाही फरफटत नेऊ शकतो. साखळीच्या बाजूने असे म्हटले जाते की, मोकळा सुटलेला ट्रेलर समोरच्या मार्गिकेत गेल्यास त्याची किंमत ट्रकचालकाला नव्हे, तर तिऱ्हाईताला मोजावी लागते. गोलकावर टेकणाऱ्या 'गूजनेक' जोडणीत जबड्यांची अशी पकड नसल्यामुळे तिला साखळ्या सर्वसाधारणपणे आवश्यक मानल्या जातात.

अशा ट्रेलरमध्ये विद्युत ब्रेक आणि 'ब्रेकअवे स्विच' असतो. ट्रेलर दूर जाऊ लागताच स्विचची तार ओढली जाते आणि ट्रेलरवरील बॅटरी ब्रेक लावते. ही तार ट्रकच्या सांगाड्याला बांधणे अपेक्षित असते. ती काढता येणाऱ्या जोडणीलाच बांधली आणि जोडणी उखडून आली, तर तारही तिच्यासोबत जाते व ब्रेक लागत नाहीत.

पाचव्या चाकाच्या बहुतेक दुर्घटनांचे मूळ चुकीच्या जोडणीत असते. ट्रेलर अधिक उंचीवर असताना ट्रक मागे घेतला, तर किंगपिन जबड्यात न शिरता त्यांच्या वर राहते. वरकरणी जोडणी झाल्यासारखी दिसते, परंतु पहिल्याच जोरदार ब्रेकला किंवा खड्ड्याला पिन बाहेर येऊ शकते.

## नियम

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ब्रेकविषयक विनियम क्र. १३ नुसार ट्रेलर चालत असताना जोडणी तुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लागणे आवश्यक आहे. कमाल १.५ टनांपर्यंतच्या ट्रेलरना यातून सूट मिळते. मात्र त्यासाठी मुख्य जोडणीखेरीज साखळी किंवा तारदोर यांसारखी दुय्यम जोडणी असावी लागते. ती दांडीला जमिनीला टेकू न देणारी आणि ट्रेलरला काही अंशी दिशा देत राहणारी असावी, अशी अट आहे. म्हणजेच या नियमात साखळी आणि स्वयंचलित ब्रेक हे एकमेकांचे पर्याय मानले आहेत.

अमेरिकेच्या व्यापारी वाहनांसाठीच्या केंद्रीय सुरक्षा नियमांत (भाग ३९३) पूर्ण ट्रेलरला सुरक्षा साखळी किंवा तत्सम साधन बंधनकारक आहे. त्या साधनाचे भंजनबल ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या एकूण वजनाहून कमी नसावे, वळण्यास लागते त्याहून अधिक ढील नसावी आणि ते मुख्य हुकाला अडकवलेले नसावे, असे नियम सांगतो. हा निकष लावल्यास १० टनांच्या ट्रॉलीस १० मिलिमीटर जाडीची ८० प्रतीची एक साखळी पुरते. ३० प्रतीच्या दोन साखळ्याही किंचित अपुऱ्या पडतात.

भारतात कृषी ट्रॅक्टरच्या ट्रेलरसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ८२१३ हे मानक आहे. नादुरुस्त वाहन दोराने किंवा साखळीने ओढून नेणे ही मात्र निराळी बाब आहे. त्यासाठी रस्ता-वापराच्या नियमांत दोन वाहनांतील अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा आहे. त्या प्रसंगी साखळी हीच मुख्य जोडणी असते. तिला सुरक्षा साखळी म्हणता येत नाही.

## छत्रपती संभाजीनगर परिसरातील वापर

### उसाची वाहतूक

जिल्ह्यातील पैठण, गंगापूर, कन्नड आदी तालुक्यांत ऊस पिकतो. साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल हा गळीत हंगामाचा काळ असतो. या काळात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्यापर्यंत नेला जातो. अशा जोडीत ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांमधील पिनेवर दोन्ही ट्रॉल्यांची ओढ येते. दोन ट्रॉल्यांमधील पिनेवर केवळ मागच्या ट्रॉलीची ओढ असते, पण ती चालकाच्या नजरेआड असते. मागची ट्रॉली रात्री सुटली, तर ते चालकाच्या उशिरा लक्षात येऊ शकते. दिवा नसलेली, उसाने भरलेली ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी राहणे हे मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी प्राणघातक ठरू शकते. म्हणून साखळी दोन्ही ठिकाणी असणे आणि मागच्या ट्रॉलीची साखळी पुढच्या ट्रॉलीच्या मुख्य सांगाड्याला अडकवणे आवश्यक ठरते.

बीड, अहिल्यानगर, जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांची कुटुंबे हंगामाच्या सुरुवातीस संसारासह ट्रॉल्यांमधून पश्चिम महाराष्ट्राकडे स्थलांतर करतात. या प्रवासात ट्रॉलीत मालाऐवजी स्त्रिया, मुले, जनावरे आणि धान्य असते. अशा वेळी पिनेची क्लिप आणि साखळी यांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

हंगामात प्रादेशिक परिवहन कार्यालये, वाहतूक पोलीस व साखर कारखाने ऊस वाहनांना परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा घेतात. परावर्तक ट्रॉली दिसण्यासाठी, तर साखळी ती न सुटण्यासाठी असते. एक उपाय दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

### औद्योगिक वाहतूक

शहराभोवती चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि बिडकीन येथे औद्योगिक क्षेत्रे आहेत. शेजारच्या जालना येथे पोलाद उद्योग मोठा आहे. या भागांतून वाहने, यंत्रभाग, लोखंडी सळ्या आणि कंटेनर वाहून नेणारे ट्रेलर प्रामुख्याने पाचव्या चाकाने जोडलेले अर्ध-ट्रेलर असतात. २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटर लांबीच्या मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गामुळे त्यांना दीर्घ पल्ल्याचा वेगवान मार्ग मिळाला. अशा मार्गावर साखळीपेक्षा किंगपिनचे कुलूप, जबड्यांची झीज आणि हवेच्या ब्रेकची स्थिती यांवर सुरक्षितता अवलंबून असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रेलर सुटल्यास त्याची ऊर्जा चौपट असते.

### घाटमार्ग

सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग क्र. ५२ वर कन्नड आणि चाळीसगाव यांच्या दरम्यान औट्रम घाट आहे. घाट चढताना जोडणीवर ओढ वाढते आणि पिन तुटल्यास ट्रॉली मागे धावू लागते. येथे साखळी थेट उपयोगी पडते. घाट उतरताना परिस्थिती उलट होते. ब्रेक नसलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. साखळी केवळ ताण सहन करू शकते, दाब नाही; त्यामुळे ट्रॉली ट्रॅक्टरवर चालून येणे किंवा दोन्ही वाहने चाकूसारखी मुडपली जाणे ती रोखू शकत नाही. उतारावर खालचा गिअर, कमी वेग आणि ट्रॉलीचे स्वतंत्र ब्रेक हेच उपाय उरतात.

## तपासणी

दांडीच्या ट्रेलरसाठी प्रवासापूर्वी पुढील बाबी पाहिल्या जातात:

* पिन पूर्ण खाली बसलेली असून तिची क्लिप लावलेली आहे. पिनेच्या जागी बोल्ट किंवा सळईचा तुकडा नाही.
* दांडीची कडी झिजून पातळ झालेली नाही आणि वेल्डिंगला तडा नाही.
* साखळीच्या कड्या वाकलेल्या, लांबलेल्या किंवा गंजलेल्या नाहीत. साखळीला पीळ किंवा गाठ नाही.
* हुकाची जीभ बंद होते आणि साखळी जमिनीला घासत नाही.

पाचव्या चाकासाठी चालकाने खाली उतरून, विजेरीच्या प्रकाशात जबडे पिनेभोवती बंद झाल्याचे आणि तबकडी व ट्रेलरचा तळ यांत फट नसल्याचे पाहणे अपेक्षित असते. त्यानंतर ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवून ट्रक खालच्या गिअरमध्ये हळूच पुढे ओढून पाहतात. ही ओढ-चाचणी यशस्वी झाल्यावरच ट्रेलरचे आधारपाय वर घेतले जातात. केवळ ओढ-चाचणीवर विसंबणे पुरेसे नसते, कारण अर्धवट बसलेली पिनही एखादी हलकी ओढ सहन करू शकते.

## मर्यादा

सुरक्षा साखळी सदोष जोडणीला पर्याय ठरत नाही. एकदा झटका सोसलेली साखळी वरून शाबूत दिसली तरी तिच्या कड्या ताणलेल्या असू शकतात. म्हणून ती, तिचे हुक आणि आधारबिंदू बदलणे योग्य मानले जाते. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास साखळीचे मूळ गणितच चुकते. साखळीमुळे ट्रेलर वाहनाशी बांधलेला राहतो, परंतु तो सरळ रेषेत राहीलच असे नाही. जोडणी सुटल्याचे जाणवताच जोरात ब्रेक लावल्यास ट्रेलर मागून आदळतो. म्हणून वेग हळूहळू कमी करत, ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असल्यास आधी ते वापरून, वाहन रस्त्याच्या कडेला घेणे अधिक सुरक्षित असते.

## हेही पाहा

* अर्ध-ट्रेलर
* ट्रॅक्टर
* हवेचे ब्रेक
* ऊसतोड कामगार
* औट्रम घाट
* समृद्धी महामार्ग